साष्टीचे इंग्रज पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय आपल्या मंडळ्यांत निघाला की बोलणे बहुधा सेरामपूरपासून सुरू होते. डॉ. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले आणि १८११ साली नवा करार पुरा केला. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनरी आले, बाबा पदमनजी झाले, रेव्ह. टिळक झाले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या वर्गात आम्हीही कित्येक वर्षे हा इतिहास असाच शिकवीत आलो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कॅरीसाहेबांच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे एका इंग्रज माणसाने गोव्यात बसून आदाम-हव्वेपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि छापली. त्या ओव्या जवळजवळ अकरा हजार भरतात. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

येथे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. स्टीफन्स हे येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट पंथाचे पाद्री होते. ज्या काळात इंग्लंडमध्ये आपल्या प्रॉटेस्टंट मंडळीची घडी बसत होती, त्याच काळात ते तिच्यापासून दूर निघून गेले. तेव्हा आपल्या मासिकात त्यांचे चरित्र कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर आमचे उत्तर इतकेच की, त्यांच्या पोथीचे पुढे काय झाले ते शेवटपर्यंत वाचावे. त्या हकिकतीत आपल्याच एका मिशनच्या माणसाचा हात आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बुश्टन या खेड्यात झाला. वडिलांचे नावही थॉमसच; ते व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टरच्या नामांकित शाळेत झाले असे मानतात. लॅटिन त्यांना उत्तम येत असे. घरची स्थिती बरी होती, बुद्धी होती, आणि राणी एलिझाबेथच्या राज्यात अशा तरुणाला नोकरीची वाण नव्हती. पण त्यांचे मन जुन्या धर्मपंथाकडे ओढले गेले, आणि त्या वेळी ही गोष्ट सोपी नव्हती. राज्याचा धर्म एक आणि माणसाचा दुसरा असला की संशय येई, घरझडती होई, तुरुंग होई. त्यांच्याच देशाचे व त्यांच्याच संघाचे एडमंड कँपियन यांना १५८१ साली लंडनमध्ये फाशी दिले गेले. आपल्या लोकांनी छळ सोसला हे आपण मुलांना सांगतो. आपल्या बाजूच्या राज्यकर्त्यांनी छळ केला हेही सांगितले पाहिजे.

तरुण स्टीफन्स यांना टॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत मित्र मिळाले. पाउंड एके काळी राणीच्या दरबारात वावरलेले गृहस्थ होते. पुढे त्यांचा जीव दरबाराला विटला. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरविले. पाउंड यांचा चाकर म्हणून वेष घेऊन स्टीफन्स त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. निघण्याची वेळ आली आणि पाउंड पकडले गेले. पुढची सुमारे तीस वर्षे त्यांची या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच समुद्र ओलांडून रोमला पोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी संघात दाखल झाले. धन्याला बेडी पडली आणि चाकर सुटला, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नसेल असे आम्हांला वाटते.

रोममध्ये तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी हिंदुस्थानात जाण्याची इच्छा धरली. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास लागले. साडेसहा महिन्यांहून अधिक प्रवास! पोचल्यावर सतरा दिवसांतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे हॅक्लूट नावाच्या इंग्रज ग्रंथकाराने आपल्या प्रवाससंग्रहात छापले, म्हणून आजही वाचायला मिळते. केप ऑफ गुड होपचे वारे, जहाजाबरोबर चालणारे मासे, डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी, हिरड्या सुजून माणसे खंगविणारा तो जहाजावरचा रोग, हे सर्व त्यात आहे. सत्तावीस माणसे वाटेत मेली, आणि एरवीच्या मानाने ही हानी थोडीच समजत, हेही त्यांनी लिहिले आहे. गोव्याला उतरल्यावर त्यांनी झाडांकडे पाहिले, तर द्राक्षवेलीवाचून युरोपात पाहिलेले एकही झाड त्यांना तेथे दिसेना. पत्र वाचताना वाटते की हा मनुष्य उपदेश करण्यापूर्वी डोळे उघडून पाहणारा होता. पक्का बेत करून हिंदुस्थानात येऊन राहिलेला, इतिहासाला ठाऊक असलेला पहिला इंग्रज तो हाच. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना त्यानंतर एकवीस वर्षांनी, १६०० च्या अखेरीस झाली.

थोड्याच काळात त्यांना साष्टीत पाठविण्यात आले. ही साष्टी मुंबईजवळची नव्हे. गोव्याच्या दक्षिणेकडे मडगाव, रायतूर म्हणजेच राशोल, बाणावली, कुंकळ्ळी ही गावे ज्या प्रांतात आहेत ती साष्टी. अधूनमधूनचा काही काळ सोडला तर पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मरण येईपर्यंत, त्यांची सेवा याच मुलखात झाली.

ही साष्टी त्या वेळी कशी होती, ते सांगितल्याशिवाय त्यांच्या पोथीचे मोल कळणार नाही. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि सत्तेबरोबर धर्मही येत होता. १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. त्याच्याही आधी, १५५९ च्या सुमारास, एका ब्राह्मणाने अनेक वर्षे खपून जमविलेल्या व उतरवून घेतलेल्या पोथ्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका माणसाच्या मदतीने त्याच्या घरातून जबरीने नेण्यात आल्या. हे कोणा विरोधकाने रचलेले नव्हे. येशूसंघाच्या लोकांनीच आपल्या पत्रांत ते लिहून ठेवले आहे. पोथ्या नेल्या त्या खंडनासाठी अभ्यास करता यावा म्हणून. पोर्तुगालातील ब्रागा येथल्या ग्रंथालयात त्या शतकातल्या काही मराठी व कोंकणी पोथ्या रोमन अक्षरांत उतरविलेल्या अजून आहेत. ज्याच्या घरातून पुस्तक गेले, त्याला त्या रात्री कसे वाटले असेल? आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबांचे पवित्र शास्त्र अजून फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहे, त्यांनी क्षणभर विचार करावा.

१५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीस येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांत साष्टीचे प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा हे होते. हेच आक्वाव्हिवा त्यापूर्वी अकबर बादशहाच्या दरबारात राहून आले होते. देवळे पडल्यामुळे गावकरी चिडलेले होते. त्यानंतर सरकारने गावच्या पुढाऱ्यांना बोलण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. दोन्ही बाजूंनी असे रक्त सांडले. याच मातीत फादर स्टीफन्स यांना चाळीस वर्षे राहायचे होते. त्यांनी राज्यसत्तेला उघड विरोध केला असे म्हणता येत नाही. ते त्या व्यवस्थेतच होते, आणि साधुपुरुष रंगविण्याच्या नादात आम्ही ते झाकणार नाही. पण त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर रोजी, त्यांनी आपले बंधू रिचर्ड यांना लिहिलेल्या लॅटिन पत्रात कुंकळ्ळीच्या हकिकतीबरोबर आणखी एक गोष्ट आहे. या देशाच्या भाषा कानाला गोड आहेत, आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी कळविले. सर विल्यम जोन्स यांनी हेच संबंध जगापुढे मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. सहकाऱ्यांचे खून होऊन तीन महिने झालेत आणि हा मनुष्य त्याच लोकांच्या बोलीची गोडी भावाला लिहून कळवितो, हे आम्हांला फार मोठे वाटते.

त्याच सालच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला, आणि त्याचा धागा थेट आमच्या मुलखापर्यंत येतो. होर्मुझला पकडलेले चार इंग्रज कैदी म्हणून गोव्यात आणले गेले: रॅल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी. हेर म्हणून त्यांचे हाल झाले असते. ते प्रॉटेस्टंट देशाचे, राणीचे पत्र घेऊन निघालेले; आणि स्टीफन्स तर त्याच राणीच्या भयाने देश सोडून आलेले. तरी ते त्यांच्यासाठी धावले. आर्चबिशपांच्या पदरी असलेल्या लिन्शोटेन नावाच्या एका डच गृहस्थानेही मदत केली. जामीन उभा राहिला आणि नाताळापूर्वी चौघे सुटले. स्टोरी गोव्यातच चित्रे काढीत राहिला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये निसटले आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे करीत उत्तरेस अकबराच्या राज्यात गेले. गोवळकोंड्यावरून उत्तरेकडे जाताना फिचने वाटेतल्या ज्या एका नगराचे नाव लिहिले आहे, ते आपले बीदरच असे अभ्यासक धरतात. बीदरचा किल्ला आपल्यापैकी कितीकांनी पाहिला असेल. एका जेझुइटाच्या दयेने सुटलेला प्रॉटेस्टंट वाटसरू तेथून गेला होता, हे आम्हांला तरी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

साष्टीत नवे ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. ती वाचणे, गाणे, ऐकणे सर्व मना. रविवारी देवळात उपासना होई, मुलांना धर्मशिक्षण दिले जाई. पण संध्याकाळी दिवा लागल्यावर घरात काय ऐकायचे? पुराणाच्या आरंभीच स्टीफन्स यांनी एक प्रसंग सांगितला आहे. रविवारी तिसऱ्या प्रहरानंतर देवळात धर्मशिक्षणाचा वर्ग चालू होता. आपल्या भाषेत सांगायचे तर तो साष्टीचा शब्बाथशाळेचा वर्गच. तेथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढे आला आणि पाद्रीबाबांना नम्रपणे म्हणाला की, आपण शिकविता ते चांगलेच आहे. पण आमची पहिली पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का करून देत नाही?

शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रश्न आम्ही आमच्या वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवला आहे. आमच्या भागात ख्रिस्ती झालेल्या घरांत भजन बंद झाले, भारूड बंद झाले, पोतराजाची गाणी बंद झाली. बंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण त्या जागी काय दिले? कित्येक ठिकाणी इंग्रजी चालीवर बसविलेली चार गीते, आणि ती म्हणताना शब्दांवरचे आघात असे पडतात की गाणाऱ्याला अर्थ लागू नये. टिळकांनी व त्यांच्यासारख्या इतरांनी ही उणीव पुष्कळ भरून काढली, त्याबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडे. परंतु हा प्रश्न त्यांच्याही आधी तीनशे वर्षे साष्टीच्या एका देवळात उभा राहिला होता, आणि ज्याला तो विचारला त्याने तो रागाने झटकला नाही. तो घरी गेला आणि लिहायला बसला.

लिहिणे सोपे नव्हते. साष्टीचे लोक घरी कोंकणी बोलत. पण पुराण ऐकायचे ते मराठीत, ही तेथली जुनी वहिवाट होती. म्हणून स्टीफन्स दोन्ही शिकले. कोंकणी इतकी चांगली शिकले की त्या भाषेचे व्याकरण त्यांनी रचले, आणि मुलांसाठी प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथी कोंकणीत केली. ती १६२२ साली, त्यांच्या मरणानंतर तीन वर्षांनी, रायतूरला छापली गेली. व्याकरण १६४० साली, इतर पाद्रींनी भर घालून, तेथेच छापले गेले. कोंकणीचे छापलेले ते पहिलेच व्याकरण. मराठीसाठी त्यांनी ओवीचा छंद घेतला, ज्ञानेश्वरांचा आणि एकनाथांचा. एकनाथ तर त्यांच्याच काळचे. स्टीफन्स साष्टीत होते तेव्हाच, १५८४ साली, पैठणला नाथमहाराज ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असेल असे मानायला काही आधार नाही, पण दोघे एकाच छंदात रमले होते.

पुराणाच्या प्रस्तावनेत आपण कोणती मराठी वापरली हेही त्यांनी सांगितले आहे. शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून त्यांनी पुष्कळ अवघड शब्द सोडून दिले आणि त्यांच्या जागी ठिकठिकाणी साष्टीच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. हे वाचताना आम्हांला हसू आले आणि धीरही आला. आमच्या खजुरीची मराठी अशीच आहे. तिच्यात कानडी आहे, हैदराबादी उर्दू आहे. पुण्याहून आलेले पाहुणे ती ऐकून गालात हसतात. आम्हीही तरुणपणी व्यासपीठावर उभे राहिलो की पुस्तकी मराठी बोलू लागत असू, आणि मागच्या रांगेतल्या बायका मुकाट्याने पदर सावरीत बसत. ऐकणाऱ्याला कळावे म्हणून आपली भाषा खाली उतरविणे हा कमीपणा नव्हे, हे एका परदेशी पाद्रीने सोळाव्या-सतराव्या शतकात ओळखले होते. आणि तरी मराठीविषयी त्याचा आदर कमी नव्हता. दगडांत रत्न, फुलांत मोगरा, सुवासांत कस्तुरी, अशा उपमा देऊन त्याने तिचा जो गौरव केला तो आज शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांना ठाऊक आहे.

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात छत्तीस अध्याय. स्टीफन्स त्यांना अवस्वरू म्हणतात. त्यांत सृष्टीची उत्पत्ती, मनुष्याचे पतन, पूर्वज आणि संदेष्टे यांच्या कथा येऊन येणाऱ्या तारणाऱ्याची वाट पाहिली जाते. दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू, आणि त्यांत प्रभूचे चरित्र. हे पवित्र शास्त्राचे भाषांतर नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यात त्यांच्या मंडळीच्या परंपरेतल्या कथा व मते आहेत, आणि ती आपल्याला मान्य होतीलच असे नाही. पवित्र शास्त्र लोकांच्या हाती त्यांच्या भाषेत द्यावे, ही जी गोष्ट कॅरीसाहेबांना सर्वांत आधी करावीशी वाटली, ती स्टीफन्स यांनी केली नाही. आमच्या मते त्यांच्या कामातली मोठी उणीव हीच. परंतु कथा सांगणारा म्हणून त्यांचा हात धरणारे थोडेच. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. ते युरोपातले चित्र येथे आणून टांगत नाहीत. साष्टीचा माणूस अंगणात बसून ऐकेल असे सांगतात.

छापण्याची वेळ आली तेव्हा अडचण अशी की गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण देवनागरी खिळे नव्हते. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून, या देशाच्या अक्षरांतच पुस्तके छापण्याची परवानगी व सोय मागितली. या अक्षरांना सुमारे सहाशे साचे लागतात, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी दिला. साठीजवळ आलेला पाद्री देवनागरीचे काने-मात्रे मोजीत बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ती मागणी पुरी झाली नाही. १६१६ साली पुराण रायतूरच्या छापखान्यात रोमन अक्षरांत छापले गेले. त्याच वर्षी इंग्लंडात शेक्सपिअर वारला, आणि इंग्रजी पवित्र शास्त्राचे प्रसिद्ध अधिकृत भाषांतर निघून पाच वर्षे झाली होती. आपल्या तुकोबांचे वय तेव्हा आठ वर्षांच्या आसपास.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स वारले. इंग्लंड सोडल्यावर ते तेथे परत कधीच गेले नाहीत.

माणूस गेला, पोथीची हकिकत मात्र येथून सुरू होते. १६४९ व १६५४ साली ती पुन्हा छापली गेली. देवळांतून रविवारी व सणांच्या दिवशी ती वाचली जाई, गायिली जाई. मग वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. छापण्याचे तर नावच नको. आज या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत जगात कोठे असल्याचे ठाऊक नाही. एकही नाही! वाळवी, पावसाळा, दुर्लक्ष, भय, काय काय कारणे असतील.

तरी पुराण राहिले, आणि ते छापखान्याने राखले नाही. ज्यांच्या घरी प्रत होती त्यांनी ती हाताने उतरवून घेतली. मुलीचे लग्न झाले की प्रत सासरी गेली असेल, मुलगा वेगळा झाला की त्याने नवी उतरविली असेल. गोव्यातून कानडा मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या भांड्याकुंड्यांबरोबर ही पोथीही नेली. १७८४ पासून टिपू सुलतानाने तिकडच्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत ठेवले. त्या वर्षांत या ओव्यांनी लोकांना धीर दिला असे तेथली परंपरा सांगते. आपण चरित्रे लिहितो ती ग्रंथकाराची. ग्रंथ घरात बाळगणाऱ्याचे, रात्री चिमणीच्या उजेडात पान पान उतरविणाऱ्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. त्यांची नावे आम्हांला देता येत नाहीत, म्हणून निदान एवढा परिच्छेद त्यांच्यासाठी.

१९०७ साली मंगळूरचे जोसेफ सालढाणा यांनी अशी निरनिराळी हस्तलिखिते मिळवून, ताडून पाहून, पुराण पुन्हा छापले. पण रोमन अक्षरांतच. मराठी वाचकाला ते वाचणे म्हणजे खडे निवडीत भात खाण्यासारखे.

आणि आता तो आपल्या मिशनचा माणूस. डॉ. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. मराठी संतांची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणण्याचे मोठे काम त्यांनी केले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानाने आपला ग्रंथसंग्रह १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला होता. तो पुढे तेथल्या पौर्वात्य विद्यांच्या शाळेकडे आला. त्या संग्रहात गोव्याकडून आलेली काही हस्तलिखिते होती. ती पाहत असता १९२० नंतरच्या दोनचार वर्षांत ॲबट यांच्या ध्यानात आले की यातले एक ख्रिस्तपुराण आहे, आणि ते देवनागरीत आहे. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज व लॅटिन शब्द आहेत, तेथे या पोथीत पुष्कळ ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. हीच स्टीफन्स यांची मूळ प्रत असे ॲबट यांना वाटले. इतरांनी त्यावर शंका घेतल्या आहेत, आणि तो वाद आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण ज्या अक्षरांसाठी स्टीफन्स यांनी रोमला अर्ज केला होता, त्या अक्षरांत त्यांचे पुराण लंडनच्या एका कपाटात पडून होते, आणि जेझुइटाची ती पोथी प्रॉटेस्टंट मिशनऱ्याने हाती घेऊन जगाला सांगितली. ॲबट यांना ओवी ओळखता आली, कारण त्यांनी आयुष्य ओव्या वाचण्यात घालविले होते.

पुढे शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण १९५६ साली पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने देवनागरीत छापले. मूळ ग्रंथ निघाल्यावर तीनशे चाळीस वर्षांनी मराठी माणसाला आपल्या अक्षरांत तो वाचता आला. त्याच १९५६ सालच्या नोव्हेंबरात आमचा भाग हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आमच्या घरांतली बोली मराठी राहिली आणि कचेरीतली पाटी कानडी झाली. भाषेची हद्द आणि राज्याची हद्द एक नसते, हे येथल्या मुलालाही कळते. कदाचित म्हणूनच दोन भाषा मिसळून पुराण रचणारा हा पाद्री आम्हांला परका वाटत नाही.

बंडेलूंची आवृत्ती आम्ही प्रथम पाहिली ती धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी शिकत असताना, वाचनालयात वरच्या फळीवर. पुस्तक मागितले तेव्हा त्यावरची धूळ झाडावी लागली. काही भाग आम्ही वहीत उतरवून घेतला. तेव्हा ती घरोघरच्या लेखकांची परंपरा आम्हांला ठाऊकही नव्हती. नुसते पुस्तक परत करायची तारीख जवळ आली होती म्हणून उतरविले.

मागे एका पावसाळ्यात खजुरीच्या प्रार्थनासभेत काना गावच्या लग्नाचा भाग आम्ही त्या वहीतून वाचून दाखविला. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांत फरक आहे, पण कानाला नाते कळते. आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध आजी, ज्यांना अक्षरओळख नाही, त्या मान डोलावू लागल्या. काही शब्द जुने होते, ते आम्ही सांगावे. पुष्कळदा आमच्या आधी त्यांनाच कळत होते. वाचून झाल्यावर हे कोणी लिहिले असे त्यांनी विचारले. इंग्रज पाद्रीने, असे आम्ही म्हटले, तर त्यांचा विश्वास बसला नाही. इंग्रजाला लग्नघरातली धांदल अशी कशी ठाऊक, असे त्यांचे म्हणणे. मग पुढच्या रविवारी येथूनच पुढे वाचा, असे बजावून त्या उठल्या. आम्ही तेव्हा रांजण पाण्याने काठोकाठ भरण्यापर्यंत आलो होतो.